उत्तरेची दैनंदिनी, भाग ३ : अबिस्कोची माती

२ ऑगस्ट, अबिस्को

स्वीडनमधल्या उमेओहून रात्रीच्या गाडीने किरुना, तिथून लोहखनिजाच्या मालगाड्यांना वाट देत देत इथवर. हा लोहमार्ग १९०३ चा, खनिज नार्विक बंदरात पोचवण्यासाठी घातलेला. इथलं संशोधन केंद्रही त्याच्याच आधाराने आलं, १९१३ मध्ये. आर्क्टिक वृत्त दोनशे किलोमीटर मागे राहिलंय. रात्रीचे दहा वाजलेत आणि खिडकीशी बसून पेपर वाचता येईल एवढा उजेड आहे.

३ ऑगस्ट, बर्चचं रान

भाची उमेओला मातीवर संशोधन करते. मला वाटलं डोंगर दाखवेल. रानात शिरल्या शिरल्या म्हणाली, "मावशी, वर काय बघतेस? खाली बस."

तिने शेवाळाचा थर हलकेच उचलला. खाली बर्चची पानं होती. तपकिरी, ओली, पण शीर न् शीर शाबूत. मला ती गेल्या शरदातली वाटली. "त्याच्याही आधीची असतील," ती म्हणाली. कोकणात आंब्याखालचा पाला दोन पावसाळ्यांत मातीला मिळतो. इथे तो नुसता साचत जातो. झाडांना हवं ते नत्र त्यातच आहे, पण प्रथिनांत अडकलेलं. ते मोकळं करणारे जीवाणू नि बुरश्या थंडीत रेंगाळतात, आणि जे सुटतं त्यातलं बरंचसं स्वतःच गट्ट करतात. पेव काठोकाठ भरलेलं आणि तोंड वर्षातला बराच काळ गोठलेलं, असा प्रकार.

मग झाडं जगतात कशी? भाचीने लिंगनबेरीचं एक रोप मुळासकट सोडवलं आणि भिंग दिलं. टोकाची मुळं आपल्या केसांहूनही बारीक. त्यांच्या पेशींच्या आत बुरशीचे धागे वेटोळी घालून बसलेले असतात. ही बुरशी बाहेर विकरं सोडते, प्रथिनं तोडते आणि त्यातलं नत्र रोपाला देते; रोप तिला साखर देतं. बर्चच्या मुळांनाही बुरशीची सोबत आहे, पण ती पेशीत न शिरता टोकांवर थर धरते.

आपण शाळेत शिकलो की झाड नत्र घेतं ते नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. युरिया टाकायचा तो त्यासाठीच. १९९८ साली उमेओच्याच टॉर्गनी नेशोल्म आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्तरेकडच्या रानातल्या झाडांना तेवढीही वाट पाहावी लागत नाही. त्यांनी ग्लायसिन या अमिनो आम्लातल्या कार्बनला आणि नत्राला वेगवेगळी खूण केली आणि ते जमिनीत सोडलं. दोन्ही खुणा मुळांत सापडल्या. म्हणजे रेणू अख्खाच आत गेला होता. पाईन, गवत, बिलबेरी, सगळ्यांत हेच. जीवाणूंनी काम पुरं करण्याआधीच झाडं आपला वाटा उचलतात. मला हा धीटपणा फार आवडला.

४ ऑगस्ट, न्यूल्याचा उतार

ओलसर दगडांत पिंग्विक्युला ही कीटकभक्षी वनस्पती दिसली. पिवळट हिरवी, जमिनीला चिकटलेली पानं, वर तेलकट चकाकी आणि तीत अडकलेली चिलटं. काल संध्याकाळी डासांनी फोडून काढलं होतं, त्यामुळे या कुळातलं कुणीतरी खाल्लं जातंय हे पाहून बरं वाटलं. कासच्या पठारावरचं दवबिंदूचं रोपही नत्राची तूट अशीच भागवतं. तिथे गोठवणारी थंडी नाही, जांभ्यावरची पातळ माती आहे. उपाय मात्र तोच.

५ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. इथे वर्षाकाठी जेमतेम तीनशे मिलिमीटर पडतो म्हणतात. त्यातला बराचसा आज संपला असावा. स्वयंपाकघरात बसून भाचीकडून काटकसरीचे धडे घेतले. बर्च पान गाळण्याआधी त्यातलं निम्म्याच्या आसपास नत्र परत ओढून घेतो. लिंगनबेरी आणि क्रोबेरी दर शरदात पानं टाकत नाहीत, काही वर्षं तीच वापरतात.

मग अशा काटकसरी झाडांना भरपूर खत घातलं तर? अलास्कातल्या टूलिक सरोवरापाशी १९८१ पासून टुंड्राच्या काही तुकड्यांना भरपूर नत्र नि स्फुरद घातलं. वीस वर्षांत बुटक्या बर्चने बाकीच्यांना दडपलं, आणि वर झाडोरा वाढूनही मातीतला साठलेला कार्बन एकूण घटला. खत म्हणजे भलंच, ही आपली समजूत इथे चालत नाही.

६ ऑगस्ट, स्टोर्डालेन

दलदलीवर फळ्यांची वाट घातलेली. भाचीने लोखंडी सळई पीटमध्ये खुपसली. अर्धा मीटरभर गेली आणि ठक् करून अडली. खाली पर्माफ्रॉस्ट, वर्षानुवर्षं न वितळलेली माती. बाजूला पांढऱ्या गोंड्यांचं कॉटनग्रास. याच्या मुळांना बुरशीची सोबत नाही, तरी अमिनो आम्लं ते स्वतःच घेतं. १९९३ मध्ये अलास्कात हे सिद्ध झालं. त्याची मुळं वितळत्या थराच्या मागोमाग सरळ खाली उतरतात, आणि त्यांच्यात हवेच्या पोकळ्या असल्यामुळे पाण्यातही गुदमरत नाहीत.

हवा तापतेय तशी सळई वर्षागणिक जास्त खोल जाते. खालून सुटणारं नत्र क्लाउडबेरीसारख्या खोल मुळांच्या झाडांना मिळतं, क्रोबेरीसारख्या उथळ मुळांच्यांना नाही. पण वितळण सर्वांत खोल पोचते ती उन्हाळा सरता सरता, पानं पिवळी पडल्यावर. तेव्हा घेणार कोण? मुळं! अबिस्कोच्याच डोंगरउतारावर मोजणी झाली आहे : जमिनीखालचा वाढीचा हंगाम वरच्याच्या दीडपट लांब. पानांचं आटोपलं तरी मुळं चालू असतात.

म्हणून भाचीचं खरं काम सप्टेंबरात, पर्यटक पांगल्यावर. "तेव्हा ये," म्हणाली. "आणि या स्वेटरवर येऊ नकोस."