यंत्राची रोजनिशी

यंत्र बिघडले की मनुष्य प्रथम त्याच्यावर रागावतो आणि मग ते टाकून देण्याचा विचार करतो. त्याला काय झाले आहे, हे विचारण्याची बुद्धी फार थोड्यांना होते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी या बाबतीत शहाणा असतो. रब्बीच्या दिवसांत मोटार सुरू करूनही पाणी आले नाही, तर तो दुसरी विहीर खणावयास धावत नाही. वीज आहे का, फ्यूज शाबूत आहे का, पाइप कोठे फुटला आहे का, फूटव्हॉल्व्ह अडला आहे का, असा तो एकेक करून शोध घेतो.

हीच रीत लॅपटॉपलाही लागू पडते. चिखलीजवळच्या एखाद्या खेड्यातील शाळेत लिनक्सवर चालणारा एकच लॅपटॉप आहे, अशी कल्पना करा. एके दिवशी त्यास पेनड्राइव्ह ओळखता येईना व ब्लूटूथही दिसेना. "आता नवाच घ्या," असे कोणी म्हणाले, तर मुलांचे शिक्षण कित्येक महिने अडेल.

परंतु लिनक्स आपली व्यथा लपवीत नाही. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा पाया घातला. ही प्रणाली अंतर्गत घडामोडींची नोंद ठेवते. 'डीमेसेज' ही आज्ञा देताच ती रोजनिशी पडद्यावर उघडते. यूएसबीच्या ओळीत 'उणे ७१' हा अंक दिसला, तर उपकरणाशी चाललेले संभाषण बिनसले, असे समजावे. 'उणे ११०' दिसला, तर ठरल्या वेळात उत्तर आले नाही. अशा वेळी प्रथम वायर, सैल झालेली खाच व अपुरी वीज यांची तपासणी करावी. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकास लावून पाहिला, म्हणजे दोष कोणाचा हे उमगते.

ब्लूटूथ तर बिनतारी! त्याचा यूएसबीशी संबंध काय? पुष्कळ लॅपटॉपांत ब्लूटूथची चिप आतल्या आत यूएसबीच्याच मार्गाने जोडलेली असते. म्हणून दोन्ही व्याधींचे मूळ एकच असू शकते. 'आरएफकिल' ही आज्ञा ब्लूटूथ बंद करून ठेवले आहे काय, हे सांगते. 'एलएसयूएसबी' जोडलेल्या उपकरणांची यादी देते. यादीत चिप नसेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, थोडा वेळ थांबावे. कारण नुसते पुन्हा सुरू केल्याने चिपची वीज प्रत्येक वेळी तुटत नाही. चिप यादीत असूनही काम करीत नसेल, तर तिला लागणारी एखादी फाइल नसावी. तिचे नावही बहुधा रोजनिशीतच सापडते.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपावा. नाहीतर गुण कशाने आला, हे कळत नाही. प्रत्येक चिप वाचतेच असे नाही. परंतु ती खरोखर निकामी झाली असली, तरी बाहेरून लावण्याचा लहानसा ब्लूटूथ अडॅप्टर पुरतो. संपूर्ण लॅपटॉप फेकावा लागत नाही. अज्ञानाने केलेला खर्च मोठा असतो, आणि धीराने केलेली चौकशी फुकट असते.