ऱ्हाईनचे नव्वद किलोमीटर

प्रवासाचा आराखडा आखणे आणि फिर्यादीचा मसुदा करणे यांत फारसा फरक नाही, असे आमचे मत गेल्या काही महिन्यांत बनत चालले आहे. नवशिक्या वकिलाला वाटते, सुचेल ते सारे फिर्यादीत घालावे. न जाणो, एखादा मुद्दा सुटला आणि दावा त्यातच बुडाला तर! वीस वर्षे काळा डगला अंगावर वागवल्यावर कळते की, दावे बुडतात ते बहुधा सुटलेल्या मुद्द्यामुळे नव्हे, तर सिद्ध न करता आलेल्या मुद्द्यांच्या ओझ्याने. हे ज्ञान आम्ही पक्षकारांना रीतसर फी घेऊन देत आलो. ते स्वतःच्या घरात वापरण्याची वेळ मात्र आत्ता आली.

येत्या ऑक्टोबरात युरोपला जावयाचे ठरले. बारा दिवस आणि चार माणसे: आम्ही, आमच्या सौभाग्यवती, महाविद्यालयात शिकणारी कन्या आणि पंचाहत्तरी उलटलेले आमचे वडील, अण्णा. अण्णांचे गुडघे आताशा त्यांचे ऐकेनासे झाले आहेत. सहल-मंडळींच्या निशाणामागून धावणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून भाड्याची मोटार घेऊन आपल्या चालीने हिंडावे असा विचार झाला.

पहिला मसुदा कन्येने केला. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, कोलोन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, झुरिक आणि पुन्हा पॅरिस. आठ देश! फोनच्या नकाशावर ती निळी रेघ अशी डौलदार वळसे घेत होती की, क्षणभर आम्हालाही मोह पडला. बेरीज केली तेव्हा साडेतीन हजार किलोमीटरांच्या वर गेली. म्हणजे दररोज तीनशे. अण्णांनी चष्मा पुसला, पडद्यावर बराच वेळ पाहिले आणि विचारले, "यात ऱ्हाईन कुठे आहे?"

"कोलोनला पूल ओलांडताना दिसेल ना, आजोबा."

"किती वेळ?"

"दोनेक मिनिटं."

अण्णा काही बोलले नाहीत. परंतु त्यांचे ते न बोलणे आमच्या चांगले परिचयाचे आहे. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातील एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षे भूगोल शिकवला. निळ्या खडूने फळ्यावर ऱ्हाईन काढताना ते आल्प्सपासून उत्तर समुद्रापर्यंत खडू उचलत नसत, ही त्यांची ख्याती होती. आम्हीही त्याच वर्गात बसलो आहोत. त्या नदीच्या काठची गावे आम्हाला आमच्या आजोळच्या गावांइतकी पाठ होती. ज्याने आयुष्यभर ती नदी काढली, त्याला ती दोन मिनिटे दाखवून आणणे हा आम्हाला त्या क्षणी एक प्रकारचा विश्वासघात वाटला.

दिवाणी प्रक्रिया संहितेत दाव्याची सुनावणी होण्यापूर्वी वादमुद्दे निश्चित करण्याची स्वतंत्र तरतूद आहे. आम्ही तिचा आधार घेतला. मुद्दा एकच काढला: ऱ्हाईन. जो देश तिच्या वाटेवर असेल तो राहील, नसेल तो जाईल. एका संध्याकाळी पॅरिस, प्राग, व्हिएन्ना आणि व्हेनिस निकालात निघाली. कन्येचा चेहरा उतरला होता. तिची समजूत पुढे स्ट्रासबर्गने काढली.

मग खरी सुनावणी सुरू झाली. शरद ऋतू हा तिकडचा मोठा सुंदर काळ खरा. द्राक्षमळे पिवळे होतात, उन्हाळ्यातली गर्दी ओसरते. परंतु तो आपल्या वेळेची किंमत वसूल करतो. ऑक्टोबरच्या मध्यावर त्या अक्षांशांवर दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि त्यानंतर पाच-सव्वापाचलाच अंधारू लागते. नदीतल्या उतारूंच्या बोटींच्या फेऱ्या महिनाअखेरीस रोडावतात. आल्प्सच्या उंच खिंडी पहिल्या मोठ्या हिमवर्षावाबरोबर बंद होऊ लागतात. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात आणि ३ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय सण. या साऱ्याचा विचार करून आम्ही ३ तारखेनंतर निघावे आणि घड्याळे मागे जाण्यापूर्वी परतावे, असा हुकूम झाला.

दुसरा हुकूम सौभाग्यवतींचा. "मामंजींना दिवसाकाठी तीन तासांपेक्षा अधिक गाडीत बसवायचं नाही, आणि परतीची रात्र सोडली तर कुठल्याही गावी एका रात्रीसाठी सामान उघडायचं नाही." यावर अपील नव्हते. फोन जे तास सांगतो त्यांत जेवण नसते, चुकलेले वळण नसते, गुडघे मोकळे करायला थांबणे नसते. म्हणून त्याच्या दोन तासांचे आम्ही तीन धरले.

कागदपत्रांचा भाग आमच्याकडे आला. मोटारीचे करारपत्र आम्ही अक्षरन् अक्षर वाचले. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली तर इतका जबर आकार पडतो की, प्रवासाचे वर्तुळ करणेच शहाणपणाचे. म्हणून फ्रँकफुर्टला घ्यायची आणि फ्रँकफुर्टलाच परत द्यायची. शेंगेन व्हिसा ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे मागायचा असतो. आम्ही रात्री मोजल्या आणि त्या जर्मनीच्या भरल्या. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी करायचा, विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि २०२४ च्या जूनपासून प्रौढ माणसाची फी ९० युरो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओ कचेरीत मिळतो आणि वर्षभर चालतो. सीमा नुसत्या नावाच्या राहिल्या असे आपण ऐकतो. पण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, तेव्हा पासपोर्ट पेटीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवलेला बरा. पथकराची गंमत निराळीच. जर्मनीत मोटारींना पथकर नाही, ऑस्ट्रियात एका दिवसापुरताही भरता येतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर मात्र घटकाभर गेलात तरी ४० फ्रँक संपूर्ण वर्षाचेच मोजावे लागतात.

राहिली उजव्या बाजूने गाडी हाकण्याची धास्ती. या बाबतीत आम्हा गोवेकरांचे नशीब थोडक्यात चुकले. पोर्तुगालने १९२८ साली डाव्या बाजूचा नियम सोडून उजवा स्वीकारला, परंतु शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात वाहने डावीकडून चालत, म्हणून गोव्याला त्यातून वगळले. ते वगळले नसते तर आमच्या वाडवडिलांचा हात तरी उजव्या बाजूला बसला असता!

असा एकेक मुद्दा निकालात निघत आराखडा एका पानावर आला. पहिल्या तीन रात्री बाखाराखला. बिंगेन ते कोब्लेन्झ हे ऱ्हाईनचे ६५ किलोमीटरांचे खोरे युनेस्कोने २००२ साली जागतिक वारशात घेतले. १३२ मीटर उंचीचा लोरेलाय कडा याच भागात आहे. माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही, मोटार तरीवर घालूनच पलीकडे जावे लागते. हे कळल्यावर अण्णा प्रसन्न हसले. "म्हणजे नदीवर थांबावंच लागेल," ते म्हणाले. पुढे तीन रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला, दोन कॉन्स्टान्सला आणि तेथूनच शाफहाउझेनचा धबधबा. दीडशे मीटर रुंद, तेवीस मीटर उंच. बर्फ वितळण्याच्या दिवसांतला जून-जुलैचा जोर शरदात नसतो, पण कान भरून जातील इतका खास असतो. मग लिख्टेनश्टाइन आणि ऑस्ट्रिया नदीच्या एका अंगाला ठेवून स्वित्झर्लंडमधील कूरला दोन रात्री, आणि परतीची एक रात्र उल्मला, डॅन्यूबच्या काठी.

स्ट्रासबर्ग घालण्यात आमचा स्वार्थ होता, तो कबूल करतो. तेथे मानवी हक्कांचे युरोपीय न्यायालय आहे. वकिलाने त्याच्या दारात एकदा उभे राहावे. परंतु त्याच शहरात आणखी एक संस्था आहे, तिची इमारत पाहण्याची आम्हाला त्याहून अधिक ओढ आहे. १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमधून ऱ्हाईनच्या नौकानयनासाठी एक मध्यवर्ती आयोग जन्मला. आज चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्याच्या छत्राखालील देशांनी त्यानंतर परस्परांशी तीन मोठी युद्धे केली, शहरे बेचिराख केली. तरी १८६८ चा मॅनहाइमचा करार, दुरुस्त्यांसह का होईना, अजून जिवंत आहे. आमच्या पणजीच्या घराच्या गच्चीवरून मांडवी दिसते. तीच वर म्हादई. खानापूर तालुक्याच्या डोंगरात, अण्णांच्याच मुलखात उगम पावणारी. तिच्या पाण्याच्या वादासाठी २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याने निवाडा दिला आणि त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेच. या वादात आम्ही कोणाचे वकीलपत्र घेतलेले नाही, येथेही घेत नाही. नौकानयन वेगळे आणि पाण्याची वाटणी वेगळी, हेही जाणतो. एवढेच म्हणतो की, उगमाकडचे आणि मुखाकडचे लोक एकाच घरात राहू शकतात; आमच्या घरात ते राहतात, आणि ते रोज सकाळी एकाच किटलीतला चहा पितात.

आराखडा स्वच्छ लिहून काढताना कन्येने माथ्यावर लिहिले: ऱ्हाईन, लांबी सुमारे १२३० किलोमीटर.

"१३२०," अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले. "आकडा चुकला तुझा, बाळ."

तिने पुन्हा शोधले, आणि मग जरा बिचकतच वाचून दाखवले. कित्येक दशके पुस्तकांतून आणि ज्ञानकोशांतून १३२० हाच आकडा छापला जात होता. कोलोन विद्यापीठातील ब्रुनो क्रेमर यांनी २०१० साली दाखवून दिले की, खरी लांबी सुमारे १२३० आहे. पूर्वी कधीतरी कोणाच्या तरी हातून दोन आणि तीन या अंकांची अदलाबदल झाली असावी, आणि पुढच्यांनी ती उतरून घेतली.

अण्णा उठून आत गेले. परतले ते आपली जुनी टाचणवही घेऊन. शाईने, वळणदार अक्षरांत, १३२०. "चौतीस वर्षं मी पोरांना नव्वद किलोमीटर जास्त शिकवले," ते म्हणाले. ते २००७ साली निवृत्त झाले; दुरुस्ती त्यांच्या वर्गापर्यंत पोचलीच नव्हती. आम्ही तत्परतेने बचाव मांडला: चूक मूळ ग्रंथांची, शिक्षकाने सद्भावनेने कृती केली, दोष देता येत नाही. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवले. "वकिली करू नकोस. मी मोजली नव्हती, एवढं खरं."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, कारण आमच्याही आराखड्यात एक खोटा आकडा होता. कूरहून आगगाडीने दिसेन्तिस आणि तेथून ओबरआल्प खिंडीत जावयाचे, हे ठीक. २००० मीटरांवरच्या त्या खिंडीतच स्थानक आहे आणि रस्ता बंद झाला तरी गाडी जाते. परंतु उगम मानले जाणारे तोमा सरोवर आणखी वर, २३४५ मीटरांवर आहे, आणि खिंडीतून तेथवर दगडगोट्यांच्या वाटेने चांगली दीड तासाची चढण आहे. अण्णांनी एकदा विचारले होते, तेव्हा आम्ही "बघू" म्हणालो होतो. आणि 'तोमा सरोवर, पाऊण तास' असे लिहूनही ठेवले होते. पक्षकाराला खोटी आशा दाखवू नये, हे आम्ही कनिष्ठांना शिकवतो.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनीच विषय काढला. "त्या तळ्यापर्यंत मला चालवेल का रे? खरं सांग."

"नाही, अण्णा," आम्ही म्हणालो. "तुम्हाला नाही चालवणार."

त्यांनी कप खाली ठेवला. कन्येची पेन्सिल उचलली, त्या ओळीवर सरळ रेघ मारली. रेघ मारताना हात हलला नाही. आमचाच घसा दाटून आला. मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "खिंडीत तो दीपस्तंभ आहे म्हणतात ना?" आहे खरा. नदीच्या मुखाशी हुक ऑफ हॉलंडला जो दीपस्तंभ होता, त्याचीच लहान प्रतिकृती समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात उभी केली आहे. "मग मी तिथे बसतो. मुख आणि उगम, दोन्ही झालं. तुम्ही वर जाऊन या. आणि येताना पावलं मोजा. अंदाज नको."

व्हिसाचे अर्ज आता गेले आहेत. आराखडा एका पानाचा असून त्यावर सर्वांच्या सह्या आहेत. परवा अण्णा फिरायला गेले असता आम्ही त्यांची टाचणवही सहज उघडून पाहिली. १३२० वर बारीक रेघ होती आणि वर, आता किंचित थरथरणाऱ्या अक्षरांत, १२३०. समासात त्यांनी शाळा-तपासनिसाच्या भाषेत शेरा लिहिला होता: 'प्रत्यक्ष पाहून खात्री करणे.'