बेहड्याखालचा डाव

नागपूरच्या इतवारीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात त्रिफळ्यासाठी बेहडा मागितला की दुकानदार पोत्यात हात घालून ओंजळभर तराजूत टाकतो. मातकट रंगाची फळं, अंगावर मखमली लव, वाळून कंगोरे पडलेले, आत दगडासारखी बी. ती मुठीत आली की मला चूर्ण सुचत नाही, जुगार सुचतो.

वेदकाळातले फासे म्हणजे हीच फळं. अभ्यासक खेळाची रीत साधारण अशी लावतात: ढिगातून मूठ उचलायची आणि चाराचारांनी मोजत जायचं. बाकी शून्य तर कृत, सर्वांत थोर दान. तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर. आणि एकटंच उरलं तर कली, म्हणजे हरला!

हा कलीच पुढे राजा नळाच्या अंगात शिरला. दमयंतीनं देवांना डावलून नळाला वरलं, याचा त्याला संताप. बारा वर्षं तो नळाच्या एका चुकीची वाट बघत थांबला. एका संध्याकाळी नळ पाय न धुता संध्येला बसला आणि त्याला वाट मिळाली. सोबतीला आणलेला द्वापर फाशांत जाऊन बसला. समोर सख्खा भाऊ पुष्कर. खेळ महिनोन्‌महिने चालला, राज्य गेलं. आता दमयंतीला पणाला लाव, असं पुष्कर म्हणाला, तेव्हा नळ काही न बोलता अंगावरचे दागिने उतरवून उठला. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ही गोष्ट युधिष्ठिराला सांगतो. हा प्रसंग ऐकताना युधिष्ठिराच्या मनात काय झालं असेल, ते व्यासांनी लिहिलेलं नाही.

पण माझा जीव अडकतो तो पुढच्या रथात. नळ आता कुरूप बाहुक झालाय, अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी. शंभर योजनांवरचा विदर्भ एका दिवसात गाठायचा आहे. राजाचं उपरणं उडालं. थांब, म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलं. वाटेत बेहड्याचं झाड दिसलं आणि ऋतुपर्णाला आपली विद्या दाखवायची हुक्की आली. या दोन फांद्यांवर पानं पाच कोटी, फळं 2095, तो नुसतं बघून म्हणाला. बाहुकानं रथ थांबवला. मोजून बघितल्याशिवाय मानणार नाही! उशीर होईल म्हणून राजा काकुळतीला आला, तर हा म्हणतो, घाई असेल तर दुसरा सारथी घेऊन पुढे व्हा. झाड पाडलं, फळं मोजली. बरोबर तेवढीच. एका नजरेत ढीग मोजता येणं हेच तर फाशांचं मर्म. ते मर्म ऋतुपर्णानं तिथंच दिलं, बदल्यात घोड्यांची विद्या कबूल करून घेतली. मर्म कळताक्षणी, नळाला डसलेल्या कर्कोटक नागाचं विष ओकत कली नळाच्या अंगातून बाहेर पडला, हात जोडून गयावया करू लागला आणि शाप टाळायला त्याच बेहड्यात शिरला. तेव्हापासून झाड बदनाम. रामटेक-पेंचच्या रानातल्या त्या उंच, भरदार झाडाचा यात काय दोष?

मर्म हाती आल्यावर नळ पुन्हा पुष्करासमोर बसला आणि एका डावात सगळं जिंकला. या वेळी मात्र पणाला दमयंतीही होती. जिंकण्याची खात्री असली म्हणून काय झालं? मला ते आजही पटत नाही.

आणि खरा डाव तर त्याआधीच आमच्या विदर्भकन्येनं टाकला होता. वर्धेकाठच्या कौंडण्यपूरला आज आपण रुक्मिणीचं माहेर म्हणून हात जोडतो. ते जोडावेतच, पण कुंडिनपूरची दमयंती तिथं फारशी कुणाच्या ओठांवर नसते, याचं वाईट वाटतं. तिनं आईला विश्वासात घेतलं, बापाला कळू दिलं नाही, आणि सुदेव ब्राह्मणाकरवी एकट्या ऋतुपर्णाला निरोप धाडला: उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर. एका दिवसात एवढं अंतर घोडे हाकणारा पृथ्वीवर एकच, हे तिला ठाऊक होतं. स्वतःची अब्रू पणाला लावून तिनं मूठ उघडली.

संध्याकाळी ऋतुपर्ण कुंडिनपुरात पोहोचला. ना मांडव, ना इतर राजे, ना स्वयंवराची कुजबुज. कसं येणं केलंत, दमयंतीच्या बापानं, भीमराजानं आदरानं विचारलं. सहज, आपल्याला अभिवादन करायला आलो, ऋतुपर्ण म्हणाला. शंभर योजनं, वाटेतली इतकी राज्यं ओलांडून, नुसत्या नमस्कारासाठी? भीमराजाला काही केल्या उलगडा होईना.