शून्य कुणाचं?

गच्चीवर पोचल्या पोचल्या, पॅनेल उघडण्याआधीच, "बोर्ड गेलंय" नाहीतर "कॉम्प्रेसर बसलाय" असा निकाल देऊन टाकण्यात एसी दुरुस्त करणाऱ्या काकांना अजूनही मजा वाटते. पुण्यातल्या ऑफिसांच्या गच्च्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. पंख्याचा आवाज, स्टार्ट घेताना कॉम्प्रेसरची होणारी धडपड, एवढ्यावर ते बोलतात. फॅसिलिटी मॅनेजर शेजारी उभा असला तर आवाज जरा वर चढतो. हे त्यांनीच सांगितलेलं आहे आणि सांगताना ते लाजले वगैरे नाहीत.

फिक्स्ड स्पीडच्या काळात या कानावर घर चाललं. इन्व्हर्टर मशीन आलं आणि कानाची किंमत उतरली. ओव्हरकरंटचा एरर लागला की काकांच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो, तो जेवतानाही जात नाही: बोर्ड की कॉम्प्रेसर? पॉवर मॉड्यूल फुटलं तरी मशीन ट्रिप होतं, वाइंडिंग गेली तरी ट्रिप होतं. खराबी कॉम्प्रेसरमध्ये असताना घाईनं बोर्ड बदललं, तर नवं कोरं बोर्ड पहिल्याच स्टार्टला उडू शकतं. तो आवाज ओळखायला मात्र अनुभव लागत नाही.

तपासायची रीत सगळ्यांना पाठ आहे. यू, व्ही, डब्ल्यूच्या वायरी सोडवायच्या, मॉड्यूलचे सहाही डायोड बघायचे, वाइंडिंग मोजायची, इन्सुलेशनसाठी मेगर मारायचा. पेच पुढे आहे. मोठ्या कॉम्प्रेसरची वाइंडिंग बहुधा एक ओहमच्या आत असते आणि मीटरच्या लीडच त्यातला बराचसा वाटा खातात. दोन-चार वेढे आपसात शॉर्ट झाले असतील तर साध्या मीटरला पत्ता लागत नाही. तिन्ही आकडे सारखेच दिसतात. मेगरची तऱ्हा याच्या उलट. मशीन बरेच दिवस बंद असेल तर गॅस लिक्विड होऊन कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतो आणि धडधाकट कॉम्प्रेसरचंही रीडिंग खाली येतं. सप्लाय देऊन हीटरनं तेल काही तास गरम होऊ द्यावं, मग पुन्हा मोजावं, तर रीडिंग वर चढतं. सकाळी मेलेला कॉम्प्रेसर संध्याकाळी जिवंत झालेला काकांनी पाहिला आहे. आउटपुट चालू मशीनवर मोजावं, तर त्या चिरफाळलेल्या वेव्हवर साधं मीटर वाटेल ते दाखवतं. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये सर्व्हिस मोड असतो. कॉम्प्रेसर सोडवून त्याच्या जागी तीन दिव्यांचा चेकर जोडायचा आणि तिन्ही दिवे सारखे लागतात का ते बघायचं. काकांच्या मते या धंद्यात खरं बोलणारे तेवढे तीनच दिवे.

ते लावायची फुरसत किती जणांना आहे? काकांचा राग इथे सुरू होतो. 'बोर्ड बदला' हे आता निदान राहिलेलंच नाही, ती कोटेशनची पहिली ओळ झाली आहे. बोर्ड का गेलं, हे विचारायला कुणी थांबत नाही. मॉड्यूल आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळलेली असते, स्क्रू सैल असतात, उबेला आलेली पाल दोन टर्मिनलांवर आडवी झालेली असते, समुद्राकाठी खारी हवा ट्रॅक खाऊन टाकते, कुठे न्यूट्रल सुटलेला असतो. कारण तसंच ठेवून नवं बोर्ड बसवायचं आणि बिल फाडायचं. पूर्वी पुण्याच्या तपकीर गल्लीतून पार्ट आणून बोर्ड दुरुस्त करणारे हात होते. ते कमी झाले याचं काकांना दुःख आहे. त्यांतले काही निव्वळ ठोकपीट करणारे होते, हेही ते मान्य करतात, पण हळू आवाजात.

काकांच्या बॅगेत एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. त्याचं टोक एका बाजूनं वितळून खाली ओघळलंय, कडेला तांबूस-काळा डाग आहे. तरुणपणी कपॅसिटर याच स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून रिकामे करायचे. फट्कन ठिणगी उडायची, हेल्पर मागे सरायचे आणि काका बेफिकीर चेहऱ्यानं पुढच्या कामाला लागायचे. तो चेहरा करण्यासाठीच बरंचसं होतं, असं ते आता म्हणतात. इन्व्हर्टर मशीनमध्ये 415 व्होल्टचा थ्री-फेज सप्लाय डायोड ब्रिजमधून गेला की डीसीचे 560 ते 590 व्होल्ट होतात. दोन हजार मायक्रोफॅरडची बँक तेवढ्यावर भरलेली असेल तर तीनशेहून जास्त जूल साठतात. हॉस्पिटलमधला डीफिब्रिलेटर छातीला देतो तो शॉक याच मापाचा.

वर्षभरापूर्वी लातूरकडची एक मुलगी आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स संपवून हाताखाली आली. एमसीबी पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, इथवर काकांना काही नवं नव्हतं. मग तिनं 9 व्होल्टची बॅटरी काढली. मीटर आधी बॅटरीवर लावलं, मग हातमोजे घालून कपॅसिटरच्या पी-एन टोकांवर. शून्य. आणि परत बॅटरीवर.

"अगं, आलं ना शून्य? आता कसली पूजा मांडलीस?"

"काका, शून्य मशीनचं आहे की मीटरचं, ते बघतेय."

काकांना ते लागलं. चार लोकांसमोर आपल्या मीटरवर, म्हणजे पर्यायानं आपल्यावरच संशय! पण मुलीचं म्हणणं चोख होतं. लीड आतून तुटलेली असली तरी मीटर शून्य दाखवतं. नॉब चुकून एसी व्होल्टवर राहिला तर भरलेल्या कपॅसिटरवरही बरीच मीटरं शून्याच्या आसपासच राहतात. दहा मिनिटांचा हिशेबही चार्ज उतरवणारा रेझिस्टर शाबूत आहे असं धरून केलेला असतो. तोच ओपन झाला असेल तर नुसतं घड्याळ बघून काही उपयोग नाही.

आता काकाही बॅटरी बाळगतात. निकाल मात्र अजून गच्चीवर पाऊल ठेवल्या ठेवल्याच देतात. मुलगी तो वहीत लिहून घेते, सगळं मोजून झालं की शेजारी खरं कारण लिहिते, आणि ती वही काका सहसा मागत नाहीत.

दोघांची एक तक्रार मात्र सामाईक आहे. खाली साहेबांची केबिन तापते, फोनवर फोन येतात, आणि कुणीतरी वर येऊन विचारतं, "नुसते उभे काय राहिलात?" एकदा तर सिक्युरिटीवाला एमसीबीचं कुलूप तोडायला पक्कड घेऊन आला होता. तेव्हा ज्यांच्या इमारतीवर अशी मशीन आहेत, त्यांनी एवढं करावं: गच्चीवर मेकॅनिक दहा मिनिटं रिकामा उभा दिसला तर त्याला तसंच उभं राहू द्यावं, आणि त्याच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात राहू द्यावी.