देवळी

अमरावतीत आम्ही फ्लॅट घेतला. घराण्यातले पहिलेच स्वतःचे घर! सौभाग्यवतींना ओट्यावरचा कडाप्पा काढून ग्रॅनाइट हवा, मला पुस्तकांसाठी भिंतभर फळ्या. आईने मागितली एक देवळी.

तिचे माहेर कौंडण्यपूरचे, म्हणजे रुक्मिणीच्याच गावचे. तिथल्या पांढऱ्या मातीच्या भिंती हातभर रुंद. देवळी कुठेही कोरावी. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा वस्तीच्या थरांखाली आणखी जुने थर निघाले. आमची भिंत मात्र चार इंची.

मिस्त्री म्हणाला, "माय, कोरली त शेजाऱ्याच्या घरात निघन!"

आई हसली नाही. माहेरचे घर पडल्यापासून तिने कुणाकडे काही मागितले नव्हते.

शेवटी मिस्त्रीने फळ्यांमधल्या एका खणाला काढलेला कडाप्पा चारी बाजूंनी बसवला. माझे ज्ञानेश्वर-तुकाराम एक खण वर सरकले.