सात वाजले, हात भाजले

"आत्या, सात वाजले," असे म्हटले की आत्या दचकून विचारी, "कुणाचे हात भाजले?" आम्ही मुले हसत असू. त्या हसण्याची लाज फार उशिरा वाटली. तरुणपणी क्षय झाला तेव्हा तिला महिनोन्‌महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली गेली. ती वाचली, कान गेले. आधी उंच पट्टीचे आवाज हरवले, म्हणजे 'स', 'श' यांसारखे वर्ण. उरलेल्यांवरून ती वाक्य जुळवी.

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना, लेखनिकाच्या एका चुकीने ओवीचा अर्थ कसा पालटतो हे सांगताना, मला हटकून रायबोझोम आठवतो. पेशीतला हा वाचक आरएनएवरची अक्षरे तीन-तीन करून वाचतो आणि त्याबरहुकूम एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिन रचतो. १९४३ साली सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोझोमात जिथे हे वाचन पारखले जाते, नेमके तिथे जाऊन बसते. मग चुकीचे वाचनही बरोबर म्हणून खपते, प्रथिने बिघडतात, जिवाणू मरतो. बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन आणि त्यांचे केंब्रिजमधील सहकारी यांनी २००० साली ही जागा अणूंच्या पातळीवर दाखवली. २००९ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता.

आत्याच्या कानांचे उत्तरही बहुधा इथेच आहे. आपल्या पेशींतील मायटोकाँड्रियांचे रायबोझोम जिवाणूंच्या रायबोझोमांशी जवळचे नाते सांगतात. औषध त्यांनाही चिकटते, आणि अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. (हे एकमेव कारण नव्हे, पण महत्त्वाचे मानले जाते.)

याच कुळातील प्लाझोमायसिनला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. जिवाणूंची बरीच विकरे त्याला निकामी करू शकत नाहीत. कानांबद्दलचा इशारा मात्र त्याच्याही माहितीपत्रकावर आहेच. औषध काढणारी कंपनी दुसऱ्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, ते वेगळेच दुखणे. मला आशा वाटते ती अप्रामायसिनची. हे गुराढोरांचे औषध. जिवाणूंचा आणि मायटोकाँड्रियांचा रायबोझोम यांतला भेद ते अधिक नेमका ओळखते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गिनीपिगांच्या कानांना त्याने कमी इजा केली. माणसांवरच्या प्राथमिक चाचण्याही झाल्या आहेत.

हे सारे मी एकदा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून आत्याला दाखवले. तिने चष्मा सावरून दोनदा वाचले.

"म्हणजे," ती म्हणाली, "गुरांना नीट ऐकू येत होतं तर!"