लोहगाव ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया खंडाळा

अमेरिका कुठल्या दिशेला, असं पुण्यात, कोथरूडमध्ये कुणालाही विचारा. बोट चांदणी चौकाकडे जाईल. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडेच असायची, आणि विमान गाठायला निघालेली गाडीही चांदणी चौकातूनच मुंबईच्या रस्त्याला लागते. पश्चिमेबद्दल शंका यावी कशाला?

पण पृथ्वीगोलावर पुण्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एक दोरा ताणून बघा. तो अरबी समुद्राकडे ढुंकूनही बघत नाही. जवळजवळ नाकासमोर उत्तरेला निघतो, किंचित पूर्वेला कलतो, हिमालय, सायबेरिया, आर्क्टिकचा बर्फ आणि अलास्का करत कॅलिफोर्नियात उतरतो. अंतर साधारण 13,500 किलोमीटर. या वाटेचं विमान मात्र दोऱ्यासारखं सरळ जात नाही. तिबेटवर केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटकन तीनेक हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे! म्हणून वळसा.

जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आलं. कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमधल्या बाकीच्याही सगळ्या स्त्रियाच. त्याचं कौतुक बरंच झालं. पण उत्तरेची वाट लोकांच्या डोक्यात खरी बसली ती जून 2023 मध्ये. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या पूर्व टोकाला, मगादानला उतरलं. अमेरिकेला जाताना मगादान लागतं, हे आमच्या सोसायटीत तोवर कुणाच्या गावी नव्हतं.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून मात्र यातलं काही सुटत नाही. 1939 सालचा हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी त्यांची, प्रवासी विमानं पाहुणी. धावपट्टीही जेमतेम अडीच किलोमीटरची. इंधनाने तुडुंब भरलेल्या मोठ्या विमानाला ती पुरत नाही. 2008 पासून काही वर्षं फ्रँकफर्टचं एक छोटं विमान इथून जायचं, तेवढीच काय ती चैन. नवं टर्मिनल 2024 मध्ये झालं, झकपक आहे. पण धावपट्टी तीच.

त्यामुळे शेजारच्या काकू सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे निघाल्या की आधी दीडशे किलोमीटर उलट्या दिशेला, मुंबईला जातात. विमान मध्यरात्रीनंतरचं, घर सोडायचं दुपारी. सायबेरियाची त्यांना भीती नाही. घाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर, याची आहे. तोवर हॉलमध्ये बॅगेला वजनकाटा अडकवून उचलणं चालू असतं. मर्यादा 23 किलोची. भाजणी राहते, गोडा मसाला राहतो, बाकरवडीचं एक पाकीट बाहेर येतं, काकूंची पाठ वळली की काका ते परत आत सारतात.

यंदा मी त्यांना नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा धरून दाखवला. काकूंनी चष्मा वर केला, दोऱ्याची दिशा खोलीतल्या खोलीत जुळवून पाहिली.

"म्हणजे मुलगी राहते लोहगावच्या अंगाला, आणि हे मला नेतात खंडाळ्याला!"

"अगं, तिकीट मुंबईचं आहे," काका म्हणाले.

"असू दे. आणि ते पाकीट काढा आधी, काटा चोवीस दाखवतोय."